घरचा ग्रॅनोला: भाजायचा किती आणि निवू द्यायचा कसा

ग्रॅनोला ओव्हनमधून बाहेर काढतो तेव्हा तो मऊच असतो. एवढी एक गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर माझे पहिले दोन घाणे कचऱ्यात गेले नसते. पस्तीस मिनिटं झाली होती, घरभर खमंग वास सुटला होता, रंगही सुरेख आला होता. चमचाभर काढून चाखला, तर दाताखाली मऊ आणि थोडा चिकट. कच्चा राहिला असं वाटून ट्रे पुन्हा आत ठेवला. दहा मिनिटांनी पाहिलं तरी मऊच, म्हणून आणखी दहा मिनिटं. शेवटी कुरकुरीत झाला, पण बदाम आतून काळपट आणि प्रत्येक घासाला कडवट चव. तो घाणा पहिल्या पस्तीस मिनिटांतच झाला होता. त्याला आता ओव्हन नको होता, तासभर ओट्यावर नुसतं पडून राहायचं होतं.

म्हणून पहिल्यांदाच ग्रॅनोला करणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हे सांगते: ओव्हनचं काम ओलावा घालवण्याचं आणि रंग आणण्याचं. कुरकुरीतपणा येतो तो निवताना. पुढच्या सगळ्या सूचनांमागे हीच गोष्ट आहे.

ग्रॅनोला म्हणजे नेमकं काय

ओट्स, सुकामेवा आणि बिया यांना तेल व मधासारखा गोड पाक चोळून मंद आचेवर भाजलं की ग्रॅनोला होतो. म्यूसलीत साधारण हेच जिन्नस असतात, पण ती भाजलेली नसते. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांना द्यायला सुरुवात केलेली मूळ म्यूसली तर भिजवलेली, ओली असे. ग्रॅनोलाची गोष्ट याच्या उलट, कोरडेपणाची आहे. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथल्या आपल्या आरोग्यधामात जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या लाद्या भाजल्या, त्या फोडल्या आणि तुकडे पुन्हा भाजले. नाव ठेवलं ग्रॅन्युला. ते तुकडे इतके कडक होत की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला तसाच पदार्थ केला आणि जॅक्सन यांनी नावाला हरकत घेतल्यावर त्याचं ग्रॅनोला केलं. ओट्स, मध आणि सुकामेव्याचं आजचं रूप लोकांच्या घरात पोचलं ते १९६० च्या दशकानंतर.

काय काय लागेल

हे माप साधारण ३० × ४० सेंटीमीटरच्या एका ट्रेसाठी आहे. भाजून आणि बेदाणे मिसळून जवळपास ७०० ग्रॅम ग्रॅनोला होतो. कप म्हणजे २४० मिलिलीटरचा मापाचा कप, पण वजनकाटा असेल तर तोच वापरा.

रोल्ड ओट्स ३०० ग्रॅम (साधारण सव्वातीन कप)
बदाम, अक्रोड, काजू असा सुकामेवा १२० ग्रॅम, जाडसर चिरून
भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया ६० ग्रॅम
तेल १/३ कप
मध १/३ कप, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास
मीठ अर्धा छोटा चमचा
दालचिनीची पूड एक छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, हवा असेल तर
बेदाणे, जर्दाळू किंवा कोणताही सुकवलेला फळाचा तुकडा ८० ग्रॅम

ओट्स विकत घेताना पाकीट नीट वाचा. रोल्ड ओट्स म्हणजे वाफवून रुळांखाली चपटे केलेले अख्खे दाणे. ग्रॅनोलाला तेच लागतात. इन्स्टंट ओट्स फार पातळ आणि तुटलेले असतात, पाक लागला की त्यांचा भुगा होतो. स्टील कट ओट्स म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे. ते भाजल्यावर खड्यासारखे लागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तेल बिनवासाचं घ्या, किंवा ज्याचा वास तुम्हाला आवडतो असं घ्या. ऑलिव्ह तेलाचा ग्रॅनोला थोडा तुरट आणि फार छान लागतो. खोबरेल तेल थंड झाल्यावर घट्ट होतं, त्यामुळे तुकडे जास्त टणक बसतात. तब्येतीचा विचार करून पुष्कळ जण तेल निम्म्यावर आणतात. तसं केलं तर ओट्स कुरकुरीत होण्याऐवजी कोरडे आणि कोंड्यासारखे होतात. तेलामुळे उष्णता प्रत्येक दाण्याला सारखी लागते आणि भाजणं एकसारखं होतं, म्हणून पहिल्या घाण्याला तरी तेलाला हात लावू नका. पाव कपापर्यंत नंतर खाली येता येतं.

मधाऐवजी मेपल सिरप चालतं. ते पातळ असतं, चव हलकी येते आणि तुकडे जरा कमी बसतात. गोडी कमी हवी असेल तर मध थोडा कमी करा, पण मध हाच इथला डिंक आहे हे लक्षात ठेवा. तो निम्मा केला तर ग्रॅनोला सुटासुटा होईल. तसाच आवडत असेल तर बिघडलं काहीच नाही.

मीठ मात्र वगळू नका. नवखे हमखास वगळतात आणि मग ग्रॅनोला नुसता गोड, सपाट लागतो. अर्धा चमचा मिठाने बदामाची चव बदामासारखी आणि मधाची मधासारखी लागायला लागते.

भाजणं

ओव्हन १५० अंश सेल्सिअसला तापत ठेवा. पंखा चालू राहणारा ओव्हन असेल तर १३० ते १३५ पुरे. ट्रेवर बेकिंगचा कागद अंथरा, नाहीतर मध तळाला धरतो आणि नंतर खरवडत बसावं लागतं.

मोठ्या पसरट भांड्यात ओट्स, सुकामेवा, बिया, मीठ आणि दालचिनी हाताने एकत्र करा. कपात आधी तेल मोजा, ते लहान पातेल्यात ओता आणि त्याच तेलकट कपात मध मोजा. मध एक थेंबही न चिकटता घसरून बाहेर येतो. पातेलं मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा. उकळायचं नाही, मध पातळ होऊन तेलात मिसळेल इतपतच. खाली उतरवून व्हॅनिला घाला आणि सगळं कोरड्या मिश्रणावर ओता.

आता कालवताना घाई करू नका. भांड्याच्या तळाशी नेहमी कोरडे ओट्स राहतात, ते वर आणत राहा. सगळ्या ओट्सवर ओलसर चमक दिसायला हवी. पांढरे, मॅट दिसणारे दाणे म्हणजे पाक न लागलेले दाणे, आणि ते भाजल्यावर पिठूळ लागतात. मी तीन-चार मिनिटं कालवते आणि मग पाच मिनिटं भांडं तसंच ठेवते. तेवढ्यात ओट्स थोडा पाक पितात.

मिश्रण ट्रेवर ओता आणि एक ते दीड सेंटीमीटर जाडीचा सारखा थर करा. इथेच ठरवायचं की ग्रॅनोला मोकळा हवा की तुकड्यांचा. मोकळा हवा असेल तर थर सैल ठेवा आणि दर दहा-बारा मिनिटांनी हलवा. तुकडे हवे असतील तर उलथण्याच्या पाठीने थर चांगला दाबून घ्या. अगदी जोर लावून, जणू वडी थापताय.

ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. वीस मिनिटांनी बाहेर काढा. कडेचा भाग मधल्यापेक्षा आधी रंगलेला दिसेल. कडेचं मिश्रण मध्ये आणि मधलं कडेला घ्या, पण मोठे मोठे गठ्ठे उलथा, ढवळू नका. पुन्हा दाबा. ट्रे उलट्या दिशेने आत ठेवा, म्हणजे मघाशी मागे असलेली बाजू आता दाराकडे येईल.

पंचविसाव्या मिनिटापासून ओव्हन सोडून जाऊ नका. पूर्ण वेळ पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत रंग फार झपाट्याने चढतो. याचं कारण मधात आहे. त्यातली फळसाखर ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागते, साधी साखर मात्र त्यासाठी १६० अंशांपर्यंत तापावी लागते. शिवाय ओट्समधली प्रथिनं आणि साखर मिळून आणखी तांबूसपणा आणतात. जोवर मिश्रणात ओलावा असतो तोवर तो तापमान रोखून धरतो. ओलावा संपला की रोखणारं काही उरत नाही. १८० अंशांवर लवकर उरकायला गेलात तर वरचा मध करपतो आणि दाणा आतून ओलसरच राहतो. असा ग्रॅनोला दोन दिवसांत सादळतो.

झाला हे ओळखायचं कसं? चाखून नाही, ते वर सांगितलंच. रंग पाहा: ओट्स सोनेरी आणि कडेचे जरा गडद. एक बदामाचा तुकडा मोडून पाहा: आतला पांढरेपणा जाऊन फिकट तांबूस छटा आली पाहिजे. आणि वास घ्या. आधी नुसता गोड, मधाचा वास येतो. मग तो बदलून भाजलेल्या दाण्यांचा खरपूस वास होतो. हा बदल एकदा नाकाने टिपला की पुढे घड्याळाची फार गरज उरत नाही. वासात किंचितही कडवटपणा आला तर त्याच क्षणी बाहेर काढा. ट्रे तापलेला असतो, त्यामुळे बाहेर आल्यावरही दोन-तीन मिनिटं भाजणं चालूच राहतं. म्हणून हवा त्या रंगाच्या एक छटा आधीच थांबलेलं बरं.

आणि मग हात लावू नका

ट्रे जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. लगेच, मिश्रण गरम असतानाच, उलथण्याने एकदा शेवटचं दाबून घ्या. त्यानंतर तास, निदान पाऊण तास, त्याला चमचाही लावायचा नाही.

या तासाभरात काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. गरम असताना ओट्समधला पाक अजून वाहता असतो. थर बोटाने दाबला तर दबतो. दहा मिनिटांनी वरची चमक मंदावते. वीस मिनिटांनी बारीक कडकड ऐकू येते, ती आकसणाऱ्या थराची आणि निवणाऱ्या ट्रेची. पाक जसजसा थंड होतो तसतसा तो काचेसारखा घट्ट आणि ठिसूळ होत जातो, आणि जे दाणे एकमेकांना टेकलेले होते ते तिथेच जोडले जातात. मध्येच ढवळलं तर हे जोड बसायच्या आधीच तुटतात आणि पुन्हा बसत नाहीत. पूर्ण निवल्यावर कागदाची कड उचला. सगळा थर एखाद्या पातळ लादीसारखा वर आला पाहिजे. तो हाताने मोडा, हवे तेवढे मोठे तुकडे करा. नखाने टिचकी मारली तर कोरडा, टणक आवाज येतो.

निवल्यावरही मधोमध चिवट लागत असेल तर काही बिघडलेलं नाही. ट्रे १५० अंशांवर आणखी सात-आठ मिनिटं ठेवा आणि पुन्हा पूर्ण निवू द्या.

बेदाणे आणि बाकीची सुकी फळं आता मिसळायची. आधी ओव्हनमध्ये घातली तर ती फुगतात, मग वाळून कडक होतात आणि जळक्या साखरेसारखी कडू लागतात. चॉकलेटचे तुकडे घालायचे असतील तर तळहाताला ट्रे अगदी गार लागल्यावरच.

तुकडे आणखी मोठे हवे असतील तर

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. दाबणं आणि न ढवळता निवू देणं यानेच निम्मं काम होतं. पुढचा सोपा उपाय म्हणजे ३०० ग्रॅममधले ५० ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये फिरवून त्यांचं पीठ करा आणि मिश्रणात घाला. हे पीठ पाकात भिजून दाण्यांमधल्या फटी भरतं. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो, कारण चव बदलत नाही.

दुसरा उपाय अंड्याच्या पांढऱ्याचा. एका अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटून कालवलेल्या मिश्रणात शेवटी मिसळा. उष्णतेने त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि दाणे धरून ठेवतात. तुकडे मोठे आणि हलके येतात. घरात कुणाला अंड्याची अॅलर्जी असेल तर अर्थातच नको. बदामाचं किंवा शेंगदाण्याचं बटर दोन मोठे चमचे मधाबरोबर गरम करून घातलं तरी बांधणी सुधारते, मात्र तुकडे जरा नरम होतात.

कुस्करलेलं केळं किंवा सफरचंदाचा गर घालून मध-तेल कमी करण्याच्या पाककृती बऱ्याच सापडतील. करून पाहा, पण पहिल्याच घाण्याला नको. गराबरोबर खूप पाणी आत येतं. ते घालवायला १४० अंशांवर तास लागू शकतो आणि तरीही ग्रॅनोला लवकर सादळतो.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची पसरट कढई घ्या आणि वरच्या मापाच्या निम्मं प्रमाण करा. मंद आचेवर ओट्स कोरडेच आठ-दहा मिनिटं हलवत भाजा, मग बाजूला काढा. सुकामेवा चार-पाच मिनिटं, बिया दोन-तीन मिनिटं, दोन्ही वेगवेगळे भाजा. सगळं एकत्र टाकलं तर बिया करपतात आणि बदाम कच्चे राहतात. मग त्याच कढईत तेल आणि मध घाला. बुडबुडे आल्यावर मिनिटभर थांबा, भाजलेलं सगळं परत घाला आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत परता. ट्रेवर कागद घालून त्यावर ओता, दाबा, निववा. तुकडे ओव्हनइतके बसत नाहीत, कुरकुरीतपणा मात्र पुरेपूर येतो.

एअर फ्रायरमध्ये वाऱ्याने ओट्स उडतात, म्हणून उंच कडांचं भांडं आत ठेवून लहान घाणा करा आणि दर पाच मिनिटांनी हलवा.

ठेवायचा कसा, खायचा किती

ग्रॅनोला जराही कोमट असताना बरणीत भरू नका. आतली वाफ झाकणाला थेंब होऊन चिकटते आणि तीच पुन्हा दाण्यांत जाते. काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि ती उन्हापासून, शेगडीपासून लांब ठेवा. तीन आठवडे सहज टिकतो. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे दमट दिवसांत बरणी उघडी राहिली की ग्रॅनोला लगेच नरम पडतो. तसा झाला तर फेकू नका. १५० अंशांवर आठ मिनिटं तापवून पुन्हा निववा, पूर्ववत होतो. फक्त आधी बेदाणे निवडून काढा. खरं तर बेदाणे वेगळ्या डब्यात ठेवून खाताना मिसळणंच उत्तम, कारण त्यांच्यातला ओलावा हळूहळू ओट्समध्ये उतरतो.

सादळणं दुरुस्त होतं, खवटपणा होत नाही. अक्रोड आणि जवसातलं तेल हवेने सगळ्यात लवकर बिघडतं. जुन्या तेलाचा वास आला की तो घाणा टाकून द्या. जास्त दिवस ठेवायचा असेल तर हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये तीन महिने ठेवता येतो. त्यात पाणी नसल्यासारखंच असल्यामुळे तो गोठून दगड होत नाही, काढून दोन मिनिटांत खाता येतो.

वरच्या मापाच्या ग्रॅनोलात १०० ग्रॅममागे साधारण ४८० किलोकॅलरी असतात. म्हणजे पदार्थ पौष्टिक खरा, पण हलका नव्हे. नाश्त्याला ४० ते ५० ग्रॅम पुरेसा होतो. एकदा वजन करून आपल्या वाटीत तो कुठवर येतो ते पाहून ठेवा, बहुतेकांना ते कमी वाटतं. दह्यावर किंवा दुधात घालायचा असेल तर खायला बसल्यावरच घाला. मधल्या वेळी खायला मोठे तुकडे डब्यात वेगळे काढून ठेवा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणूबीज असू शकतात आणि ते तान्ह्या बाळाला धोक्याचे असतात, भाजल्यानेही ते मरत नाहीत. लहान मुलांच्या घशात अख्खे बदाम, काजू अडकू शकतात, त्यांच्यासाठी सुकामेवा बारीक कुटून घाला. ग्लुटेन वर्ज्य असेल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्या. ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळू शकतो.

पहिला घाणा झाला की बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख, तापमान आणि मिनिटं लिहा. प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी असते आणि आकड्यावर दाखवलेले १५० अंश आत खरोखर तेवढेच असतील असं नाही. माझ्या बरणीवर गेले कित्येक महिने एकच ओळ आहे: "१५० अंश, ३८ मिनिटं, उजवा मागचा कोपरा आधी रंगतो, वीसला फिरवणे."